वाचकांचे प्रश्न : बोलिनाओचे शिंपले, चर्च आणि सोन्याचे दात

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पांगासिनान प्रांतात, लिंगायेन आखाताच्या तोंडाशी बोलिनाओ नावाचे गाव आहे. समुद्रातून जवळजवळ नाहीसे झालेले महाशिंपले तिथे पुन्हा वाढवले जातात, एवढा एका ओळीचा उल्लेख या सदरात गेल्या वेळी आला होता. त्या ओळीवर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली आणि त्यांतील काही शिंपल्यांपासून फार दूरच्या गोष्टींविषयी होती. म्हणून या वेळचे सदर बोलिनाओलाच दिले आहे.

प्रश्न : महाशिंपला नेमका किती मोठा असतो? पाणबुड्याचा पाय त्यात अडकतो असे लहानपणी वाचले होते, ते खरे का? आणि शिंपल्याला लाखो अंडी होतात, तर तो नाहीसा कसा होतो? (एक वाचक, मालवण)

उत्तर : ट्रायडॅक्ना गायगस ही महाशिंपल्यांतील सर्वांत मोठी जात. तिची लांबी एक मीटरच्या पुढे जाते आणि वजन दोनशे किलोहून अधिक भरते. आपण तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे लहान शिंपले, ज्या टोपलीत घेता, तीत या जातीचा एकही प्रौढ शिंपला मावणार नाही. फिलिपाइन्समध्ये महाशिंपल्यांना ताकलोबो म्हणतात आणि त्यांच्या किमान सात जाती तिथे आढळतात. पाय अडकण्याची गोष्ट मात्र सोडून द्यावी. हा प्राणी आपली शिंपले सावकाश मिटतो आणि पूर्ण वाढलेल्या मोठ्या शिंपल्याला ती पुरती मिटताही येत नाहीत.

त्याची जगण्याची रीत अधिक विलक्षण आहे. शिंपल्याच्या उघड्या तोंडाशी जो निळा, हिरवा, तपकिरी मांसल पडदा दिसतो, त्यात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. पाणी गाळून अन्नकण मिळवण्याचे इतर शिंपल्यांचे कामही तो करतोच, पण त्याचा मोठा आकार मुख्यतः या शैवालाच्या जोरावर टिकतो. म्हणूनच तो स्वच्छ आणि उथळ पाण्यात राहतो, आणि उथळ पाण्यात राहतो म्हणून माणसाच्या हाती सहज लागतो. मांसासाठी, शोभेच्या वस्तूंसाठी आणि शिंपल्याच्या कोरीवकामासाठी त्याची इतकी वेचणी झाली की १९८० च्या दशकापर्यंत फिलिपाइन्सच्या बहुतेक किनाऱ्यांवरून ही सर्वांत मोठी जात दिसेनाशी झाली.

आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर त्याच्या प्रजननात आहे. महाशिंपला आधी नर म्हणून पक्व होतो आणि काही वर्षांनी त्याच देहात मादीचे कार्यही सुरू होते. मोठा शिंपला एका वेळी कोट्यवधी अंडी सोडतो, परंतु तो आधी शुक्राणू आणि नंतर अंडी सोडत असल्यामुळे स्वतःच्याच अंड्यांचे फलन सहसा होत नाही. त्यासाठी जवळपास दुसरा शिंपला असावा लागतो आणि तोही त्याच सुमारास प्रजनन करणारा असावा लागतो. वेचणी होऊन शिंपले एकमेकांपासून दूर दूर उरले, की अंडी कितीही असली तरी ती वाया जातात. शिकार थांबवली की प्राणी आपोआप परत येतो, हा आपला नेहमीचा समज इथे लागू पडत नाही. उरलेले एकटेदुकटे शिंपले कायद्याच्या संरक्षणात निर्वंश होऊ शकतात.

म्हणून फिलिपाइन्स विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेने बोलिनाओ येथील आपल्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून शिंपले वाढवायला घेतले. या कामाचे प्रमुख प्रवर्तक एडगार्डो गोमेझ. त्यांना २०१४ मध्ये राष्ट्रीय वैज्ञानिक हा त्या देशातील विज्ञानाचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. स्थानिक बीज पुरेसे उरले नव्हते, त्यामुळे मोठ्या जातीचे शिंपले ऑस्ट्रेलिया आणि सॉलोमन बेटांकडून आणावे लागले. टाक्यांमध्ये प्रजनन घडवायचे, अळ्या सांभाळायच्या, चिमुकले शिंपले तळाला बसले की त्यांना शैवाल मिळेल असे पाहायचे, मग समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यांत त्यांना कित्येक महिने राखायचे आणि भक्षकांना सहजी फोडता येणार नाहीत इतके मोठे झाले की मोकळे ठेवायचे, असा हा क्रम आहे. गावासमोरच्या सिलाकी बेटाजवळ त्यांची सागरी रोपवाटिका आहे. तिथून देशातील चाळीसहून अधिक ठिकाणी शिंपले नेऊन ठेवले गेले. शेजारच्या अलामिनोस येथील ‘शंभर बेटे’ राष्ट्रीय उद्यान हे त्यांतलेच एक.

या कामाला यश आले असे कधी म्हणायचे? ठेवलेले शिंपले जगले, एवढ्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते. कारण ते जगणे हे अखेर रखवालदारीचेच फळ असते. २०१७ मध्ये ‘कोरल रीफ्स’ या नियतकालिकात संस्थेच्या संशोधकांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. बोलिनाओच्या पाण्यात त्यांना या मोठ्या जातीची अशी पिल्ले आढळली, जी कोणी टाकीत वाढवलेली नव्हती, तर पूर्वी ठेवलेल्या शिंपल्यांच्या समुद्रातील नैसर्गिक प्रजननातून जन्मली होती. तीस वर्षांच्या कष्टांनंतरची ही बातमी आकड्याने लहान होती, परंतु माझ्या दृष्टीने आधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी होती.

धोका मात्र टळलेला नाही. जुन्या, मेलेल्या शिंपल्यांनाही कोरीवकामासाठी मागणी आहे आणि हस्तिदंताच्या व्यापारावर निर्बंध आल्यापासून ती वाढली आहे. एप्रिल २०२१ मध्ये पलावान प्रांतात सुमारे दोनशे टन शिंपले जप्त झाले होते.

प्रश्न : बोलिनाओच्या चर्चसमोर एक स्मारक आहे आणि त्यावर चौदाव्या शतकातील ओडोरिक नावाच्या साधूचा उल्लेख आहे, असे ऐकले. हाच ओडोरिक आमच्या ठाण्यात येऊन गेला होता ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय, हाच तो. पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन पंथाचा इटालियन साधू. १३२१ मध्ये ठाण्यात त्याच पंथाचे चार प्रवासी मारले गेले. त्यांचे मृतदेह जोर्दानुस या धर्मोपदेशकाने सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे थोड्याच काळात होर्मुझहून समुद्रमार्गे ओडोरिक ठाण्यात आला, त्याने त्या अस्थी उकरून घेतल्या आणि त्या बरोबर घेऊन मलबार, सिंहल, सुमात्रा, जावा आणि चंपा (आजच्या व्हिएतनाममधील जुने राज्य) या मार्गाने तो चीनला गेला. त्या काळी झैतून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुआनचौ बंदरातील आपल्या पंथाच्या मठात त्याने त्या ठेवल्या. परत आल्यावर १३३० मध्ये पादुआ येथे त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत तो वारला. ठाणे, तिथले लोक आणि तिथली झाडेझुडपे यांविषयी त्याने जे सांगितले आहे, ते मध्ययुगीन कोकणच्या अभ्यासकांना परिचित आहे.

बोलिनाओचा दावा असा आहे की आग्नेय आशियातून चीनकडे जाताना त्याचे जहाज बोलिनाओच्या उपसागरात आले आणि १३२४ मध्ये त्याने तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक पंथाची सामुदायिक उपासना, म्हटली. हे खरे असते, तर ती फिलिपाइन्समधील पहिली मिस्सा ठरली असती, आणि आपल्या दृष्टीने अधिक रंजक गोष्ट म्हणजे सोपाऱ्याच्या मातीतून निघालेल्या त्या अस्थी त्या वेळी त्याच जहाजावर असत्या. परंतु ओडोरिकच्या वृत्तांतात बोलिनाओचे नाव नाही आणि त्या बेटांचा निःसंदिग्ध उल्लेखही नाही. फिलिपाइन्सच्या स्पेनपूर्व इतिहासाचे चिकित्सक अभ्यासक विल्यम हेन्री स्कॉट यांनी हा दावा तपासून ओडोरिक तिथे उतरल्याचा पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला होता. देशाच्या राष्ट्रीय इतिहास आयोगाने पहिल्या मिस्सेचा मान ३१ मार्च १५२१ रोजी, मॅगेलनच्या मोहिमेत, लिमासावा बेटावर झालेल्या मिस्सेला दिला आहे आणि २०२० मध्ये तोच निर्णय पुन्हा कायम केला.

तरीही ते स्मारक काढून टाकावे, असे मी म्हणणार नाही. गावाला आपल्याविषयी काय सांगावेसे वाटते, याचे ते कागदपत्रच आहे. फक्त आपण ठाणेकरांनी ओडोरिकविषयी लिहिताना ठाणे आणि सोपारा एवढेच ठामपणे लिहावे आणि बोलिनाओपुढे ‘असे म्हणतात’ जोडावे.

प्रश्न : हे चर्च खरोखर पोवळ्यांचे बांधलेले आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दागिन्यातल्या पोवळ्यांचे नव्हे, तर प्रवाळखडकाच्या चिऱ्यांचे. तो सारा परिसरच समुद्रतळातून वर उचलल्या गेलेल्या जुन्या प्रवाळभिंतींचा आहे. गावापासून काही अंतरावर असलेल्या पातार येथील गुहा याच चुनखडकात झाल्या आहेत आणि त्यांच्या तळाशी गोड्या पाण्याची कुंडे आहेत. जो दगड पायाखाली मिळाला, तोच चर्चच्या भिंतींना लागला. हे संत याकोबाचे चर्च सतराव्या शतकात ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघाच्या धर्मगुरूंनी उभारले. याच संताचे स्पॅनिश नाव सँतियागो आणि गावासमोरच्या मोठ्या बेटाचे नावही तेच. दर्शनी भिंतीच्या कोनाड्यांत संतांच्या लाकडी मूर्ती उघड्या हवेत राहिल्या, हे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा विचार करता नवलच आहे. फिलिपाइन्समधील अनेक जुन्या चर्चांत दाराशी तीर्थजलाचे पात्र म्हणून महाशिंपल्याचे एक शिंपले बसवलेले असते, हे जाता जाता सांगायला हवे. मालवणच्या वाचकांना त्यावरून आकाराचा अंदाज येईल.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. बोलिनाओत सोन्याचे दात असलेली कवटी सापडली, असे वाचले. हा दातांवरचा उपचार होता की शृंगार? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शृंगार. बोलिनाओतील बालिंगासाय येथील प्राचीन दफनभूमीच्या उत्खननात सदुसष्ट कवट्या मिळाल्या आणि त्यांच्या दातांवर सोन्याचे काम आढळले. त्यांतील ‘बोलिनाओ कवटी’ म्हणून प्रसिद्ध असलेली कवटी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. ती चौदाव्या ते पंधराव्या शतकातील मानली जाते. तिच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या दर्शनी बाजूवर सोन्याचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक येतील, असे बसवले आहेत. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे तुकडे नुसते चिकटवलेले नाहीत. दाताला बारीक छिद्रे पाडून ते सोन्यानेच पक्के केलेले आहेत. जिवंत माणसाच्या दाताला इतके नेमके छिद्र पाडणारे कारागीर त्या किनाऱ्यावर होते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. खवल्यांची नक्षी मासेमारीवर जगणाऱ्या गावात निघावी, यात काही संकेत शोधण्याचा मोह होतो, पण तेवढ्यावरून तर्क लढवणे मला योग्य वाटत नाही.

ही रीत केवळ बोलिनाओची नव्हती. मॅगेलनबरोबर आलेल्या अंतोनियो पिगाफेट्टाने १५२१ मध्ये दक्षिणेकडील एका राजाचे वर्णन करताना त्याच्या प्रत्येक दातावर सोन्याचे तीन ठिपके असल्याचे नोंदवले आहे. स्पॅनिश अमलात ही कला मागे पडत जाऊन नाहीशी झाली.

प्रश्न : बोलिनाओच्या लोकांनी सिमेंटचा मोठा कारखाना परतवून लावला, ही गोष्ट खरी आहे का? असेल तर त्यानंतर तिथला समुद्र सुरक्षित राहिला का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग आनंदाचा आहे आणि दुसरा भाग तसा नाही, परंतु दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हे गाव समजत नाही.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बोलिनाओच्या किनाऱ्यावर सिमेंट प्रकल्प प्रस्तावित झाला. चुनखडकाची खाण, वीजकेंद्र आणि धक्का असे सारे त्यात होते. मासेमार, गावातील नागरिक, चर्चशी संबंधित मंडळी आणि सागरी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ यांनी त्याला विरोध केला. प्रयोगशाळा गावातच असल्यामुळे प्रवाळ, समुद्री गवत आणि प्रवाह यांची अनेक वर्षांची मोजमापे तयार होती, आणि विरोधाला केवळ घोषणांवर विसंबून राहावे लागले नाही. १९९६ मध्ये पर्यावरण खात्याने प्रकल्पाला परवानगी नाकारली. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने तेथील नगरपालिकांना किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतच्या पाण्यावर अधिकार दिले आहेत. त्यामुळे लोकांनी पुढे समुद्राचे क्षेत्र कोणी कशासाठी वापरावे, याचा आराखडाही केला. बालिंगासायसारख्या वस्त्यांनी आपापली संरक्षित सागरी क्षेत्रे राखली.

आणि त्याच वर्षांत, त्याच पाण्यात, मिल्कफिशचे पिंजरे वाढत गेले. हा मासा तिथे बांगुस नावाने ओळखला जातो आणि देशभर खाल्ला जातो. बोलिनाओ आणि शेजारचे आंदा यांच्या परिसरातील पाणी सँतियागो बेटाच्या आडोशाला शांत असल्यामुळे मत्स्यशेतीला सोयीचे होते. नगरपालिकेने ५४४ पिंजरे-कुंपणांची मर्यादा घातली होती, प्रत्यक्षात त्यांची संख्या त्याच्या दुपटीहून अधिक झाली. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा तळाला साचत राहिली आणि पाण्यातील पोषकद्रव्ये वाढत गेली. आडोशाचे जे शांत पाणी माशांसाठी निवडले होते, ते शांत असल्यामुळेच लवकर बदलत नव्हते. फेब्रुवारी २००२ मध्ये भांगाच्या भरतीच्या दिवसांत, म्हणजे पाण्याची ये-जा सर्वांत कमी असताना, प्रोरोसेन्ट्रम मिनिमम या सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ झाली, पाण्यातील प्राणवायू घसरला आणि पिंजऱ्यांतील मासे प्रचंड संख्येने मेले. उघड्यावर पडलेल्या मेलेल्या माशांचे नुकसान दिसले आणि मोजले गेले. समुद्री गवताचे नुकसान त्या मानाने कोणाच्या डोळ्यांत भरले नाही, पण पिंजऱ्यांच्या जवळच्या गढूळ पाण्यात त्याच्या जाती कमी होत गेल्या. या गवतावर सिगॅनिड कुळातील रॅबिटफिश जगतो. त्याची बारीक पिल्ले खारवून आंबवण्याचा तिथे जुना व्यवसाय आहे.

त्याआधी असेच एकदा झाले होते. सी-अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंडाशयाला जपानमध्ये चांगली किंमत येते. ती निर्यात वाढली आणि १९९२ मध्ये बोलिनाओतील ही मासेमारी कोसळली. प्रयोगशाळेने नंतर पिल्ले वाढवून समुद्रात सोडण्याचा मार्ग धरला. मारी आंतोनेत हुइनियो-मेन्येझ यांचे त्यातील काम विशेष उल्लेखनीय आहे.

माझे मत विचाराल तर असे आहे. बाहेरून येणाऱ्या एका कारखान्याला नाही म्हणणे कठीण होते, पण त्यात गावाचे हित आणि गावाची मिळकत एका बाजूला होती. पिंजऱ्यांच्या बाबतीत मर्यादा गावाच्याच नगरपालिकेने घातलेली होती आणि ती मोडणाऱ्यांना रोखणारेही गावातलेच होते. तो नकार अधिक कठीण ठरला. कोकणातील कोणत्याही खाडीकाठच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिंपल्यांचे पुनर्वसन, सिमेंटविरोधी लढा आणि २००२ ची मत्स्यहानी या तीन गोष्टी बोलिनाओच्या पर्यटनविषयक लिखाणात क्वचितच एकत्र येतात. पहिल्या दोन येतात, तिसरी गाळली जाते. वारसा जपणाऱ्या गावाने ती तिसरी गोष्टही संग्रहालयात मांडायला हवी.

प्रश्न : तिथली भाषा कोणती? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : बोलिनाओ हेच गावाचे आणि भाषेचेही नाव. ती सांबालिक गटातील भाषा असून बोलिनाओ आणि शेजारच्या आंदा या दोन नगरपालिकांतच मुख्यतः बोलली जाते. भोवती पांगासिनान आणि इलोकानो या मोठ्या भाषा आहेत आणि शाळेत फिलिपिनो व इंग्रजी, त्यामुळे सामान्य बोलिनाओ माणूस सहज चार-पाच भाषा वापरतो. आपल्या सीमाभागात राहणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटणार नाही.

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर नोकरी करतो, सोबतचे बरेच खलाशी फिलिपिनो आहेत. मनिलाला सुट्टी मिळाली तर बोलिनाओत काय पाहावे? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : मनिलाहून रस्त्याने जावे लागते आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो, त्यामुळे एका दिवसात जाऊन परतण्याचा बेत करू नये. नोव्हेंबर ते मे हे कोरडे महिने बरे. पातारच्या टोकावर १९०५ मध्ये उभारलेले, सुमारे तीस मीटर उंचीचे दीपगृह आहे. आपल्या पेशामुळे आपल्याला ते आवडेल. चर्च गावातच आहे. प्रयोगशाळेतील शिंपल्यांच्या टाक्या पाहायच्या असतील तर आधी परवानगी घ्यावी. ती काम करणारी संस्था आहे, प्रदर्शन नव्हे. समुद्रातील शिंपले पोहताना वरून पाहावेत, त्यांवर उभे राहू नये आणि त्यांना हात लावून मिटायला लावू नये. स्थानिक नावाडी कधी कधी हौशी पाहुण्यांसाठी तसे करून दाखवतात, तेव्हा नम्रपणे नको म्हणावे. बाजारात शिंपल्याची कोणतीही मोठी वस्तू विकत घेऊ नये. महाशिंपल्याच्या सर्व जाती साइटिस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली येतात आणि परवान्याशिवाय असा तुकडा सामानात निघाला तर आपल्यासारख्या खलाशाला त्याचा त्रास नोकरीपर्यंत भोवू शकतो.

खाण्यासाठी बिनुंगेय जरूर घ्यावे. चिकट तांदूळ आणि नारळाचे दूध बांबूच्या नळीत भरून ती निखाऱ्यांवर भाजतात आणि नळी फोडून आतला भात काढतात. ही बोलिनाओची खास ओळख आहे. ती रस्त्याकडेला विकायला असते आणि सोबतच्या फिलिपिनो सहकाऱ्यांना नाव सांगितले तर चांगले कुठे मिळते, ते त्यांच्यातला पांगासिनानचा कोणीतरी नक्की सांगेल.